कृत्रिम गुरुत्वाची मात्रा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते, तरीही आतली माणसे तरंगतात. स्थानक आणि त्यातला माणूस दोघेही सारखेच पृथ्वीकडे पडत असल्याने माणसाच्या तळव्यांना खालून रेटा देणारे काही उरत नाही, आणि वजन जाणवते ते या रेट्यामुळेच. तो परत मिळवायचे मार्ग दोन. यानाचे इंजिन अखंड चालू ठेवून त्याचा वेग सतत वाढवत राहायचे, किंवा यान स्वतःभोवती फिरवायचे. पहिल्या मार्गाने महिनोन्महिने जायला लागणारे इंधन आजच्या कोणत्याही अग्निबाणाला वाहून नेता येणार नाही. दुसऱ्या मार्गात यान एकदा फिरू लागले की पुढे खर्च जवळजवळ नाही.

फिरत्या चाकाच्या आतल्या कडेवर उभा असलेला माणूस प्रत्येक क्षणी सरळ रेषेत निसटू पाहतो आणि चाकाची कड त्याला आत वळवत राहते. या अभिकेंद्री बलालाच त्याचे शरीर वजन समजते. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल उभ्या भिंतीवर धावत राहते ती याच रेट्याच्या जोरावर. यानात जमीन बाहेरच्या बाजूला असते आणि डोके आसाकडे. मिळणारे त्वरण म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. पृथ्वीइतके गुरुत्व, म्हणजे १ जी, हवे असेल तर मिनिटाला एक फेरा घेणाऱ्या यानाची त्रिज्या सुमारे ८९४ मीटर लागते. दोन फेऱ्यांना २२४ मीटर पुरतात, चार फेऱ्यांना ५६, सहा फेऱ्यांना २५ आणि दहा फेऱ्यांना जेमतेम ९. म्हणजे यान लहान हवे तर ते जोरात फिरवावे लागते, आणि जोरात फिरवले की आतल्या माणसाला सोसत नाही. कृत्रिम गुरुत्वाच्या सगळ्या आराखड्यांना आकार येतो तो या ओढाताणीतून.

कल्पना जुनी आहे. कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ती मांडली होती. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी राहिलेले स्लोव्हेन अभियंते हेर्मान पोतोचनिक यांनी ‘नूरडुंग’ या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात १९२८ च्या सुमारास ३० मीटर व्यासाच्या राहत्या चाकाचे आराखडे दिले. हे चाक आठ सेकंदांत एक फेरा घेणार होते. आज जे माहीत आहे त्यावरून पाहता तो वेग बहुतेकांना सुरुवातीचे दिवस तरी सोसवला नसता. १९५२ मध्ये वर्नर फॉन ब्राउन यांनी ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात सुमारे ७६ मीटर व्यासाचे, मिनिटाला तीन फेरे घेणारे चाक मांडले आणि पृथ्वीच्या एक तृतीयांशाच्या आसपास गुरुत्वावर समाधान मानले. ही तडजोड शहाणपणाची होती. नंतरच्या चित्रपटांनी ती विसरायला लावली. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी चित्रीकरणाचे जे चाक बांधले होते त्याचा व्यास साडेअकरा मीटरच्या आसपास होता. त्यात खरोखर पृथ्वीइतके वजन मिळवायचे तर मिनिटाला बाराहून अधिक फेरे लागले असते आणि अंतराळवीराला त्यात सरावाची धाव घेता आली असती की नाही याची शंकाच आहे.

या सगळ्याची गरज का, याचे उत्तर अंतराळवीरांच्या शरीरांनी दिले आहे. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. जमिनीवर उतारवयात एवढी झीज व्हायला साधारण वर्ष लागते. स्नायू रोडावतात, हृदयावरचा भार कमी झाल्याने रक्ताभिसरण सैलावते, आणि परतल्यावर ताठ उभे राहताच अनेकांना भोवळ येते. यावरचा आजचा उपाय म्हणजे दररोज सुमारे दोन तासांचा व्यायाम. स्थानकावर २००८ पासून वापरात असलेल्या निर्वात नळकांड्यांच्या व्यायामयंत्राने हाडांची झीज बरीच आटोक्यात आणली, हे मान्य करावे लागेल. पण दिवसभर डोक्याकडे सरकलेले शरीरातील द्रव व्यायामाने खाली येत नाहीत. दीर्घ मोहिमांनंतर अंतराळवीरांच्या डोळ्यांत दृष्टिचेतेच्या टोकाशी सूज आणि नेत्रगोलाचा मागचा भाग चपटा झाल्याची नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून व्यायाम पुरेसा आहे हा विश्वास डळमळला. एकेका अवयवाला वेगळा उपचार शोधत बसण्यापेक्षा हरवलेली गोष्टच परत द्यावी, हा फिरत्या यानामागचा युक्तिवाद आहे.

गुरुत्व फक्त हाडांसाठी लागते असेही नाही. वजनरहित यानात गरम हवा वर जात नाही. त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून पंखे चालू ठेवावे लागतात. पाणी आणि हवा वेगळे करायला यंत्र लागते, शौचकूप हवेच्या झोताने चालवावे लागते, आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग आलाच तर रक्त तरंगत राहते. पृथ्वीच्या दहाव्या भागाएवढे गुरुत्व मिळाले तरी पाणी भांड्याच्या तळाशी बसेल. यानाचा आराखडा मांडताना हा लाभ क्वचितच हिशेबात घेतला जातो. वैद्यकीय फायद्यावर वाद होऊ शकतो, नळ आणि गटार यांच्यावर होत नाही.

माणूस किती फेरे सोसतो याचे उत्तर अंतर्कर्णात आहे. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या वळण्याची दखल घेतात. यान एका आसाभोवती फिरत असताना माणसाने डोके वेगळ्या आसाभोवती वळवले की तिसऱ्याच आसाभोवती गरगरल्याचा भास होतो. डोळे एक सांगतात, कान दुसरे, आणि मळमळ सुरू होते. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे अमेरिकी नौदलाच्या ॲश्टन ग्रेबिएल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना संथ फिरणाऱ्या खोलीत ठेवून पाहिले. मिनिटाला एका फेऱ्याचा त्रास जवळजवळ कोणालाच झाला नाही. तीन फेऱ्यांना काहींना झाला. थेट दहा फेऱ्यांवर मात्र बहुतेकांची अवस्था बिकट झाली. या कामावरून पुढे आराखडेकारांनी चार किंवा सहा फेऱ्यांची मर्यादा जणू निसर्गनियम असल्यासारखी धरली. ती तशी नाही. वेग पायरीपायरीने वाढवत नेला आणि प्रत्येक पायरीवर डोके वळवण्याचा सराव दिला तर दहा फेऱ्यांशीही माणूस जुळवून घेतो, हे ब्रँडाइस विद्यापीठातील जेम्स लॅकनर आणि पॉल डिझिओ यांनी दाखवले. कोलोरॅडो विद्यापीठातील अलीकडच्या प्रयोगात प्रत्येकाच्या गतीने दहा बैठका दिल्यावर सरासरी सतराहून अधिक फेऱ्यांपर्यंत मजल गेली. शिवाय जमिनीवरच्या फिरत्या खोलीत पृथ्वीचे स्वतःचे गुरुत्व आसाच्या दिशेने कायम मिसळलेले असते. ते वगळले तर काय होते याचा एक अनपेक्षित इशारा स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर १९७३-७४ मध्ये मिळाला. जमिनीवर फिरत्या खुर्चीत डोके हलवताच मळमळणारे अंतराळवीर कक्षेत काही दिवस घालवल्यावर मिनिटाला तीस फेऱ्यांवरही जवळजवळ निर्धास्त होते. एका प्रयोगावरून यान बांधता येत नाही, पण सोसण्याची मर्यादा समजली जाते तितकी कडक नसावी असे मानायला आधार मिळतो.

मळमळ बाजूला ठेवली तरी फिरत्या घरात वावरणे वेगळेच असते. ५६ मीटर त्रिज्येच्या, मिनिटाला चार फेरे घेणाऱ्या यानाच्या कडेचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर भरतो. फिरण्याच्या दिशेने साध्या चालीने चालणाऱ्याचे वजन सुमारे तेरा टक्क्यांनी वाढते, उलट दिशेने चालल्यास बारा टक्क्यांनी घटते. छातीच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, सोडलेली वस्तू पायाशी पडत नाही. ती सुमारे २४ सेंटीमीटर मागे पडते. हेच २२४ मीटर त्रिज्येच्या यानात १२ सेंटीमीटरवर येते. आसाकडे जाणारी शिडी चढताना माणूस आडवा ढकलला जातो आणि उतरताना उलट्या बाजूला, हा कोरिऑलिस परिणाम. म्हणून शिड्या कमीत कमी ठेवाव्यात आणि असतील त्यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो. झोपण्याचे पलंग आसाला समांतर ठेवले तर कूस बदलताना त्रास कमी होतो. कामाची मेजे अशी मांडतात की बसणाऱ्याच्या दोन कानांना जोडणारी रेषा आसाला समांतर राहील, कारण मग मान खाली-वर केली तरी ती यानाच्या फिरण्याच्याच प्रतलात हलते. फिरण्याची दिशा रंगाने किंवा भिंतीच्या आकाराने सतत डोळ्यांसमोर असावी, अशीही सूचना केली जाते. इथे अभियंत्यापेक्षा वास्तुविशारदाचे काम अधिक आहे. दिशा कळत नसलेल्या गोल खोल्यांचे आराखडे काढणाऱ्यांनी हे फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

आकाराच्या बाबतीत तीन पर्याय उरतात. पूर्ण चाक राजेशाही खरे, पण ते कक्षेत जोडायला शेकडो टनांचा माल वर न्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला दोन-तीन मीटर त्रिज्येचा छोटा सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवणारे यंत्र, आहे. त्यात अंतराळवीराला रोज अर्धा-एक तास झोपवून फिरवायचे. पण इथे पायाला मिळणारे गुरुत्व पूर्ण असले तरी डोक्याला जवळजवळ काही मिळत नाही. तिसरा पर्याय दोराचा. राहण्याचे दालन एका टोकाला, इंधन संपलेला अग्निबाणाचा टप्पा किंवा दुसरे दालन प्रतिभार म्हणून दुसऱ्या टोकाला, मध्ये लांब दोर, आणि सगळी जोडी समाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरती. १९९० मध्ये रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी मंगळमोहिमेच्या आराखड्यात हाच मार्ग घेतला होता.

दोराविषयीची भीती बऱ्याचदा वाढवून सांगितली जाते. वीस टनांच्या दालनाला १ जी देण्यासाठी दोरावर येणारा ताण सुमारे दोनशे किलोन्यूटन असतो. आजच्या मजबूत पॉलिथिलीन धाग्यांच्या ताकदीचा पाचवा भागच वापरायचा असे ठरवले, तरी साडेचारशे मीटर लांबीच्या दोराचे वजन दीडशे किलोच्या आसपास राहते. यान फिरते करायलाही इंधन थोडेच लागते. ५६ मीटर त्रिज्येसाठी नेहमीच्या रासायनिक इंजिनात ते यानाच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याहून कमी भरते. खरी अडचण दोर तुटण्याची. १९९४ मध्ये सोडलेला एक बारीक प्रायोगिक दोर चार दिवसांच्या आत अंतराळातील कणाने कापला गेला. १९९६ मध्ये स्पेस शटलमधून सोडलेला विद्युत्वाहक दोर जवळजवळ वीस किलोमीटर उलगडल्यावर ठिणगीने जळून तुटला. त्याच वर्षी कक्षेत गेलेला चार किलोमीटरचा दुसरा दोर मात्र सुमारे दहा वर्षे टिकला. एका धाग्यावर विसंबू नये, एकमेकांना आडवे जोडलेले अनेक धागे असलेला पट्टा वापरावा, हा यातून निघणारा धडा अमलात आणण्यासारखा आहे.

फिरण्याच्या स्थैर्याचा प्रश्न अधिक फसवा आहे. १९५८ मध्ये सोडलेला एक्सप्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह लांबट होता आणि आपल्या लांब आसाभोवती फिरत होता. त्याच्या लवचीक अँटेनांमध्ये थोडी थोडी ऊर्जा मुरत गेली आणि काही तासांतच तो आडवा होऊन भिरभिरू लागला. ऊर्जा गमावणारी वस्तू शेवटी सर्वाधिक जडत्वाच्या आसाभोवतीच फिरते. माणसे, पाणी आणि हवा असलेल्या यानात ऊर्जा मुरणारच. म्हणून बारीक आणि लांब नळीसारखी वसाहत चित्रात कितीही सुंदर दिसली तरी ती स्वतःहून स्थिर राहत नाही. ॲल ग्लोबस आणि सहकाऱ्यांनी कल्पना चावला यांच्या नावे मांडलेल्या ‘कल्पना वन’ या वसाहतीत त्रिज्या २५० मीटर आणि लांबी ३२५ मीटरच ठेवली आहे, ती याच कारणाने. लांबी त्रिज्येच्या १.३ पटीपलीकडे गेली की स्थैर्य धोक्यात येते. माणसे एका बाजूला जमली तर तोल सावरायला पाणी इकडून तिकडे पंपाने फिरवावे लागते. सौरपट्ट्या आणि पृथ्वीकडे रोखलेली अँटेना न फिरणाऱ्या भागावर बसवावी लागते. हे सगळे कटकटीचे आहे, पण यातले काहीही अज्ञात नाही.

प्रत्यक्ष प्रयोग मात्र तुटपुंजे आहेत. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ मधील पीट कॉनरॅड आणि रिचर्ड गॉर्डन यांनी आपले यान ३० मीटरच्या दोराने अजीना या अग्निबाणाच्या टप्प्याला बांधून संथ फिरवले. मिळालेले गुरुत्व पृथ्वीच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी होते. सुट्या वस्तू हळूहळू यानाच्या एका बाजूला सरकल्या, एवढेच. माणसे असलेले यान दोराने दुसऱ्याला बांधून गुरुत्व निर्माण करण्याच्या प्रयत्नांत यापलीकडे कोणीही गेलेले नाही.

आणि नेमके इथे अभियंत्याचे हात बांधले जातात. यान किती गुरुत्वासाठी बांधायचे, हा आकडा त्याला कोणी देत नाही. शून्य जी आणि एक जी या दोन टोकांवर माणसाचे काय होते हे माहीत आहे. मधल्या पट्ट्यात मानवी अनुभव म्हणजे चंद्रावर उतरलेले बारा अंतराळवीर आणि त्यातला सर्वाधिक मुक्काम, अपोलो-१७ चा, सुमारे ७५ तासांचा. चंद्राचा एक षष्ठांश पुरतो का, मंगळाचे ०.३८ पुरते का, की अर्ध्याहून जास्त लागते, यावर यानाची त्रिज्या आणि वेग, आणि त्यातून खर्च, ठरतो. ०.३८ जी पुरेसे असेल तर मिनिटाला चार फेरे घेणाऱ्या यानाला ५६ ऐवजी २१ मीटर त्रिज्या चालते. औषधाची मात्रा माहीत नसताना बाटलीचा आकार ठरवायला सांगावे, तशी ही स्थिती आहे.

प्राण्यांवरून काही दिसले आहे. सोव्हिएत संघाच्या कॉसमॉस-९३६ या उपग्रहात १९७७ मध्ये उंदरांना सेंट्रिफ्यूजमध्ये १ जी वर ठेवले तेव्हा त्यांची हाडे इतर उंदरांपेक्षा बरी राहिली. जपानच्या अंतराळ संस्थेने २०१६ मध्ये स्थानकावरील किबो प्रयोगशाळेत उंदरांना ३५ दिवस १ जी दिले. त्यांचे स्नायू आणि हाडे टिकली. पुढच्या प्रयोगात एक षष्ठांश जी वर स्नायूंचे आकारमान बरेचसे टिकले, पण तंतूंच्या प्रकारातील बदल पुरता थांबला नाही. वेगवेगळ्या अवयवांना लागणारी मात्रा वेगवेगळी असावी, असे यातून सूचित होते. जमिनीवर जर्मनीत कोलोन येथे २०१९ मध्ये २४ जणांना साठ दिवस डोके सहा अंशांनी खाली ठेवून झोपवले आणि त्यातल्या दोन गटांना रोज अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. तेवढ्याने शरीराची घसरण थांबली नाही. छोट्या सेंट्रिफ्यूजच्या समर्थकांना हा निकाल पचायला जड आहे. रोजच्या अर्ध्या तासाने भागत नसेल आणि वेळ वाढवत तीन-चार तासांवर न्यावी लागत असेल, तर अंतराळवीराचा दिवस यंत्रातच संपेल. अशा वेळी सगळे यानच फिरते असणे अधिक सरळ.

मधला पट्टा मोजण्याची संधी एकदा हाताशी आली होती. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी जपान अडीच मीटर व्यासाचा सेंट्रिफ्यूज असलेले स्वतंत्र मॉड्यूल बांधत होता. त्यात उंदीर आणि वनस्पती वेगवेगळ्या गुरुत्वावर दीर्घकाळ ठेवता आल्या असत्या. २००५ मध्ये ते रद्द झाले. अर्धवट बांधलेला सांगाडा पुढे त्सुकुबा येथील अंतराळ केंद्रात प्रदर्शनात ठेवला गेला. अब्जावधी डॉलरच्या स्थानकावर केलेल्या काटकसरीतली ही सर्वांत महाग काटकसर ठरली असे म्हणायला हरकत नाही. त्या एका यंत्राने ज्या प्रश्नांची उत्तरे दिली असती, त्यांच्याअभावी पुढच्या प्रत्येक मंगळ आराखड्यात गुरुत्वाचा रकाना अंदाजाने भरला जातो.

ही दिरंगाई निव्वळ पैशामुळे झालेली नाही. स्थानकाचा घोषित उद्देशच वजनरहित अवस्थेत संशोधन करणे हा होता. गुरुत्व घालवण्यासाठी एवढा खर्च करून कक्षेत गेलेली संस्था तेच परत आणण्याला अग्रक्रम देणार नाही, हे स्वाभाविक आहे. मोठा सेंट्रिफ्यूज फिरला की कंपनाने शेजारचे प्रयोग बिघडतात, ही तक्रारही खरी होती. म्हणून ही मोजणी वजनरहित स्थानकाला चिकटलेल्या कोपऱ्यात न करता स्वतंत्र यानातच व्हायला हवी.

विरोधी बाजूला वजन आहे. रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि परतल्यावर जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. मंगळापर्यंतचा एकेरी प्रवास साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, म्हणजे स्थानकावरील मुक्कामाच्याच तोडीचा. मग फिरत्या यानाची गुंतागुंत कशाला, असे विचारले जाते. गुंतागुंत हीदेखील जोखीम असते, आणि मार्ग दुरुस्त करताना दरवेळी यानाचे फिरणे थांबवायचे की फिरत असतानाच इंजिन चालवायचे, हा प्रश्न सोपा नाही. पण स्थानकावरून परतणाऱ्या बहुतेकांना कुपीतून उचलून बाहेर काढले जाते, खुर्चीत बसवले जाते, डॉक्टर जवळ असतात. मंगळावर उचलायला कोणी नसेल. तिथे उतरल्याच्या दिवशीच जड पोशाख घालून बिघडलेली झडप दुरुस्त करावी लागू शकते. शिवाय पोल्याकोव्ह यांच्यासारखा एक निरोगी, स्वतः डॉक्टर असलेला, कसून व्यायाम करणारा माणूस टिकला म्हणून दहा जणांची तुकडी टिकेल असे धरता येत नाही. डोळ्यांचा प्रश्न तर त्यांच्या काळी नीट ओळखलाही गेला नव्हता.

म्हणून पहिले यान थेट मंगळासाठी बांधण्यापेक्षा पृथ्वीच्या कक्षेतच दोराने जोडलेली दोन दालने फिरवून पाहणे हा योग्य क्रम ठरतो. दोराची लांबी बदलती ठेवली आणि वेगही बदलता ठेवला, तर एकाच यानात ०.१६, ०.३८ आणि ०.६ जी असे टप्पे काही महिने चालवता येतील. आधी उंदीर, मग माणसे. दोर आणि प्रतिभार यांना जवळजवळ सगळी सामान्य सामग्रीच पुरते. काही बिघडलेच तर पृथ्वी अवघ्या काही तासांच्या अंतरावर असते.

या मोजणीचा निकाल मंगळाच्या यानापुरता राहणार नाही. ०.३८ जी पुरेसे निघाले तर यानाला तेवढेच गुरुत्व देता येईल आणि मंगळावर राहण्याचा प्रश्न बराचसा सुटेल. ते अपुरे निघाले तर यान फिरवून फक्त प्रवासाची सोय होईल. मंगळावर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचे आणि तिथे जन्मणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न यान फिरवून सुटणारा नाही, कारण ग्रह फिरवून त्याचे गुरुत्व वाढवता येत नाही. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी १९७४ मध्ये मोठ्या फिरत्या वसाहती अवकाशातच बांधाव्यात असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रातील उन्हाळी अभ्यासगटाने दहा हजार माणसांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, मिनिटाला एक फेरा घेणारे वर्तुळाकार घर आखले, तेही पूर्ण १ जी देणारे. तो आकडा त्यांनी धाडसाने निवडला नव्हता. एक जी सोडून दुसऱ्या कोणत्याही मात्रेवर विश्वास ठेवण्यासारखी माहितीच तेव्हा हाती नव्हती.